विद्यार्थी माहितीपटासाठी परवानग्या : गोरेगावातील रूप पालटलेल्या कारखान्यांच्या जागा

गोरेगाव पूर्वेला द्रुतगती मार्गालगतच्या अनेक जागांचा वापर एका पिढीच्या डोळ्यांदेखत पालटला. निरलॉनच्या ज्या आवारात कृत्रिम धागा तयार होत असे, तिथे आज नॉलेज पार्कमधील कार्यालये आहेत. नेस्कोच्या अभियांत्रिकी कारखान्याच्या आवारात प्रदर्शनांची दालने झाली आणि २०२० मध्ये तिथेच कोविड केंद्र चालले. अशा जागांवर माहितीपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पटकथेच्याही आधी जागा आज कोणाच्या ताब्यात आहे, हे शोधावे. लोकांची ये-जा कितीही मोकळी दिसली तरी आयटी पार्क, मॉल किंवा प्रदर्शन केंद्राचे आवार खासगी मालमत्ता असते आणि तिथे पालिकेची किंवा पोलिसांची परवानगी मालकाच्या लेखी संमतीऐवजी चालत नाही.

मालकी कळण्यासाठी नगर भूमापन क्रमांक मिळवून मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढावे. कारखान्याची जागा व्यापारी वापरासाठी केव्हा आणि कोणत्या अटींवर बदलली, हे मात्र पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातील मंजूर आराखडे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांतून समजते. ही कागदपत्रे माहिती अधिकारात मागता येतात. अर्जदार भारतीय नागरिक असला म्हणजे पुरे. विद्यार्थी असल्याचा दाखला किंवा कारण द्यावे लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि ते कोर्ट फी स्टॅम्पनेही भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क माफ आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची असली तरी कागद खासगी कंपनीने दिलेले असल्यास त्या कंपनीला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस जाऊ शकते आणि निर्णयाला ४० दिवस लागू शकतात, म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकणे शहाणपणाचे ठरते. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील करावे.

सरकारी आणि पालिकेच्या जागांवरील चित्रीकरणासाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. महामंडळाची चित्रनगरीही गोरेगावातच आहे. रस्ता, पदपथ किंवा उद्यान हवे असल्यास पालिकेच्या पी दक्षिण विभागाशीही आधी बोलून घ्यावे. अर्जासोबत महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे किंवा विभागप्रमुखांचे पत्र, ओळखपत्रांच्या प्रती, विषयाचा एक पानी सारांश, तारखा आणि वेळा, चमूतील व्यक्तींची यादी व साधनांचा तपशील जोडावा. चित्रपट अव्यावसायिक असून अभ्यासक्रमाचा भाग आहे, हे पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे, कारण शुल्कात सवलत मागायची झाल्यास आधार याच वाक्याचा असतो. त्याच पत्राची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. रेल्वे स्थानकाची हद्द यात येत नाही. तिथल्या चित्रीकरणासाठी पश्चिम रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

ड्रोनचा मोह शक्यतो टाळावा. ड्रोन नियम, २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हरित क्षेत्र, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येईल असे क्षेत्र, नसते आणि गोरेगावचा बराच भाग या अंतरात येतो. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी लागू असतात. उंचावरचे दृश्य एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून, सोसायटीच्या लेखी संमतीने, चांगले मिळते.

सर्वांत जपून करायचे काम माणसांच्या संमतीचे आहे. जुन्या कामगारांच्या घरी गेटपास, वेतनचिठ्ठ्या आणि निवृत्तीच्या दिवशीचे गटफोटो जपून ठेवलेले असतात, आणि कंपनीच्या कोणत्याही अहवालापेक्षा माहितीपटाला त्यांचाच आधार मोठा असतो. मुलाखतीचे संमतीपत्र मराठीत असावे, ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मुलाखत कुठे दाखवली जाईल व ती मागे घेण्याची मुभा कधीपर्यंत आहे, हे त्यात लिहावे. फोटो व कागद त्यांच्याच घरी चित्रित करावेत. मूळ प्रती उसन्या आणू नयेत. देणी किंवा घर याबद्दलचा खटला चालू असेल, तर त्या व्यक्तीने आधी आपल्या वकिलाशी बोलून घ्यावे, असे आपणहून सांगणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे.

चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनासाठी सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार प्रमाणपत्र लागते. चित्रपट महोत्सवांना यातून सूट मिळू शकते, परंतु तिच्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज आयोजक करतात. विद्यार्थ्याने प्रवेशिकेसोबत सारांश आणि श्रेयनामावली वेळेत पाठवायची असते.