सतारमेकर गल्लीजवळचा हेडर

मिरजेत माझ्या भाच्याचं घर सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर आहे. एका रविवारी सकाळी गेलो, तर त्याची दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार अंगणात जॅक स्टँडवर चढवलेली, बॉनेट उघडं, आणि बॅटरीची वायर काढून ठेवलेली. शेजारी वर्तमानपत्रावर चकचकीत स्टेनलेस नळ्यांचं एक जुडगं. चार नळ्या वेड्यावाकड्या वळत जाऊन पुढे दोन होतात आणि शेवटी एक. हाच हेडर: मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाच्या, जागी बसवायचा.

"मामा, कंपनीचा मॅनिफोल्ड इंजिनचा गळा दाबतो," भाचा म्हणाला. "हेडर लावला की श्वास मोकळा."

गॅरेजमध्ये सगळे हेच सांगतात, आणि ते निम्मंच खरं आहे. जुना मॅनिफोल्ड बिडाचा होता. ज्या बिडाच्या नांगरांनी किर्लोस्करवाडीचं नाव झालं, तेच हे बीड: ओतायला स्वस्त, टिकायला दणकट, आवाजही बराच गिळणारं. पण त्यात चारही सिलिंडरांचा धूर आखूड, अरुंद वाटांनी एकाच पोकळीत येऊन आदळतो. आता अडचण फक्त अरुंदपणाचीच असती, तर जाडजूड पाइप लावून काम भागलं असतं. तसं होत नाही. नळी गरजेपेक्षा जाड झाली की धुराचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) गाडी उलट मंदावते.

खरी गंमत लाटेत आहे. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे नळीत दाबाची एक लाट सुटते आणि ती धुराच्याही पुढे धावते. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 550 मीटर असतो. आपल्या भोवतालच्या हवेत तो 340 च्या आसपास. नळी जिथे एकदम मोठ्या जागेत उघडते तिथून ही लाट परत फिरते, पण उलटी होऊन. जाताना दाब घेऊन गेलेली लाट येताना ओढ घेऊन येते. बासरीच्या उघड्या तोंडाशीही हेच घडतं आणि त्यातूनच तिचा सूर ठरतो.

ही ओढ व्हॉल्व्हपाशी नेमकी कधी पोहोचते, यावर सगळा खेळ आहे. पिस्टन धूर बाहेर ढकलतो तो एक्झॉस्ट स्ट्रोक. तो संपताना थोडा वेळ इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतात. त्या क्षणी ओढीची लाट आली, तर ती कोपऱ्यात उरलेला धूर खेचून काढते आणि त्यामागोमाग ताजं मिश्रण आत येतं. त्याच क्षणी दाबाची लाट आली, तर धूर परत आत ढकलला जातो.

75 सेंटिमीटर लांबीच्या नळीत लाटेला जाऊन-येऊन दीड मीटर पडतं, म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद. 6000 आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, जवळजवळ 98 अंश फिरतो. 3000 ला फक्त 49. नळीची लांबी कायम, इंजिनचा वेग मात्र सतत बदलता. त्यामुळे कुठलाही हेडर ठरावीक पट्ट्यातच 'लागतो'. सतारीचा पडदा बोटभर सरकवला की सूर बदलतो, हे मिरजेत कुणाला वेगळं सांगायला नको. इथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कारागिरीत लांबीचं जे महत्त्व, तेच इथे नळीला.

चाराच्या दोन आणि दोनाची एक, या जोड्याही उगाच पाडलेल्या नाहीत. बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांत ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असतो. म्हणजे दर 180 अंशांना एक धमाका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र त्याहून जास्त वेळ उघडा राहतो. मग 1 चा धूर अजून निघतोय तोवर 3 चा धमाका त्याच्या अंगावर येतो. यावर उपाय म्हणून 1 ची जोडी 4 शी आणि 2 ची 3 शी लावतात. जोडीतल्या दोघांत 360 अंशांचं अंतर पडतं आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

हे सगळं समजावून झाल्यावर भाचा म्हणाला, "बरं मामा, पण हे नट निघेनात."

या कामातला सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. वर्षानुवर्षं लाल होईपर्यंत तापलेले आणि पावसाळ्यात भिजलेले स्टड (इंजिनात रोवलेले आट्यांचे दांडे) गंजून नटाशी एकजीव झालेले असतात. त्यांवर गंज सोडवणारं तेल आदल्या दोन-तीन रात्री मारून ठेवायचं असतं. भाच्याने ते सकाळी चहा पिता पिता मारलं होतं. गोटी पान्याला पाइप लावून त्याने जोर दिला आणि एक स्टड कट्टकन तुटला, तोही हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पृष्ठभागाशी. शेवटी सांगलीच्या शंभर फुटी रोडवरून वेल्डर आणला. त्याने तुटक्या बुंध्यावर नवा नट वेल्ड केला आणि पान्याने सहज फिरवून काढला. ही जादू उष्णतेची. वेल्डिंगच्या तापाने गंजाची पकड तडकते. शिवाय हेडचं ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे स्टडभोवतीची मिठी ढिली होते.

प्रसरणाचा हिशेब नवा हेडर बसवतानाही ठेवावा लागतो. अर्धा मीटर स्टेनलेस नळी 500 अंशांनी तापली की चार मिलिमीटरहून जास्त वाढते. म्हणून नट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. आधी टोकं आवळली तर फ्लँजला, म्हणजे नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या जोडपट्टीला, पसरायला जागाच राहत नाही. जोडातली फट बुजवणारं गॅस्केट नवंच घ्यायचं. आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरजवळ साधा सिलिकॉनचा लेप नको. त्याच्या वाफांनी सेन्सर मरतो.

जोडात बारीक फट राहिली, तर फक्त धूर बाहेर येतो असं नाही. ओढीच्या लाटेबरोबर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) इंधन कमी पडतंय समजून पेट्रोल वाढवत बसतो. ॲव्हरेज का पडलं, हे मग महिनाभर शोधत राहा.

कायद्याचंही बोलून घेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीचं मूळ रूप मनाने बदलता येत नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तर धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तो काढून हेडर लावला की विषारी वायू थेट हवेत. मला ते पटत नाही, आणि भाच्याला तसं सांगितलंही. त्याची गाडी ट्रेलरवरून कोइम्बतूरच्या करी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर जाते, गावातल्या फेऱ्यांसाठी त्याच्याकडे स्कूटर आहे.

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. आधी नळ्यांवरून पांढरा धूर निघाला; सगळे घाबरले, पण ते आमच्याच बोटांचं तेल जळत होतं. गाडीचा आवाज भरदार झाला आणि भाच्याला लगेच वीस हॉर्सपॉवर वाढल्याचा भास झाला. चार-पाच वाढले असले तरी मी खूश आहे. कान या बाबतीत फार खोटं बोलतात.

दहा मिनिटांत स्टेनलेसवर रंग चढू लागला: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, व्हॉल्व्हजवळ जांभळट निळा. हा गंज नाही. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो आणि त्याच्या वरून व खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग देतो, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखा. थर जितका जाड, तितका रंग वेगळा. म्हणजे कुठली जागा किती तापली याची नोंदच ती. तीन नळ्या सारख्याच निळ्या झाल्या होत्या, दुसरी मात्र पिवळ्यावरच अडली होती. भाचा कौतुकाने फोटो काढत होता. मी त्याला दोन नंबरचा स्पार्क प्लग काढायला सांगितला.