‘ऑल द किंग्ज मेन’ : नाव एक, सिनेमे दोन, आणि बदनाम झालेल्याची बाजू

‘ऑल द किंग्ज मेन’ या नावाचे दोन सिनेमे आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक १९४९चा, कृष्णधवल, रॉबर्ट रॉसनचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलेला. दुसरा २००६चा, रंगीत, स्टीव्हन झेलियनचा. समीक्षकांनी झोडपलेला आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवलेला. दोन्हींचं मूळ एकच, रॉबर्ट पेन वॉरनची १९४६ सालची कादंबरी. तिला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. त्यामुळे दुसऱ्या सिनेमाला पहिल्याचा रिमेक म्हणण्याची पद्धत पडली, आणि त्याचं सगळं नुकसान तिथेच झालं. एकाच पुस्तकातून दोघांनी दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी उचलल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: सिनेमा म्हणून रॉसनचा जास्त घट्ट आहे, पण कादंबरी झेलियनला जास्त कळली आहे. (पुढे कथेतली सगळी गुपितं फुटणार आहेत.)

विली स्टार्क हा अमेरिकेच्या दक्षिणेतला, खेड्यात वाढलेला, अडखळत वकील झालेला माणूस. शाळेच्या बांधकामातला भ्रष्टाचार तो उघड करतो, तेव्हा कुणी ऐकत नाही. नंतर त्याच शाळेत दुर्घटना होऊन मुलं मरतात आणि लोकांना विली आठवतो. मुरलेले पुढारी त्याला गव्हर्नरपदाला उभा करतात, पण ते खेड्यापाड्यातली मतं फोडण्यापुरतं. आपला वापर झाला हे कळल्यावर तो पेटून उठतो, पुढे निवडून येतो, रस्ते बांधतो, इस्पितळाचा घाट घालतो, आणि त्यासाठी लाच, धमकी, ब्लॅकमेल यांतलं काहीच वर्ज्य मानत नाही. शेवटी एका डॉक्टरच्या गोळीने मरतो. लुइझियानाच्या ह्यूई लाँगची छाया इथे लपत नाही. तो १९२८ साली गव्हर्नर झाला, मग सिनेटर, आणि सप्टेंबर १९३५मध्ये बॅटन रूजच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात, त्याला गोळी लागली. वॉरन तेव्हा त्याच शहरातल्या विद्यापीठात शिकवत होता.

एवढ्यावरून कादंबरी विलीची वाटते. ती तशी नाही. ती जॅक बर्डनची आहे. जॅक म्हणजे इतिहासाचा प्रबंध अर्धवट टाकलेला, बऱ्या घरचा, आधी पत्रकार आणि मग विलीच्या पदरी असलेला माणूस. त्याचं काम लोकांचा भूतकाळ उकरणं. विलीची ठाम समजूत अशी की प्रत्येकाच्या पूर्वायुष्यात काही ना काही सापडतंच. जज अर्विन विलीच्या आड येतो, तेव्हा त्याचं ‘काही ना काही’ शोधायला विली जॅकलाच पाठवतो. हा जज जॅकला लहानपणी हाताशी धरून वाढवणारा माणूस. जॅक निष्ठेने फायली धुंडाळतो, जजने कित्येक वर्षांपूर्वी घेतलेली लाच शोधून काढतो आणि ती त्याच्यासमोर ठेवतो. जज स्वतःवर गोळी झाडून घेतो. मग जॅकला आईकडून कळतं, तो त्याचा जन्मदाता बाप होता. मी फक्त माहिती गोळा करतो, पुढचं माझ्या हातात नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला त्याच माहितीने गाठलेलं असतं. वॉरनच्या पुस्तकाचा कणा हा आहे. विलीचा उदय आणि अस्त त्याभोवती येतो.

आता रॉसनने काय केलं ते पाहा. त्याच्या सिनेमात जज हा जॅकचं प्रेम असलेली ॲन स्टँटन आणि तिचा भाऊ ॲडम, म्हणजे विलीला गोळी घालणारा तो डॉक्टर, यांचा काका आहे. जॅकशी त्याचं रक्ताचं नातं नाहीच. या एका बदलाने कादंबरीचा कणा काढला जातो आणि जॅक एक हताश साक्षीदार उरतो. निवेदन त्याच्या आवाजात आहे, पण बातमीदाराच्या सुरातलं. उरलेली सगळी जागा ब्रॉडरिक क्रॉफर्डचा विली व्यापतो, आणि काय व्यापतो! क्रॉफर्डला ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं. विलीची सहकारी सेडी बर्क झालेल्या मर्सिडीज मॅकेंब्रिजलाही मिळालं, तेही पहिल्याच सिनेमासाठी. तिच्यापुढे २००६ची सेडी फिकी पडते, हे मान्य करायलाच हवं. शिवाय या सिनेमाला एक हापापलेला वेग आहे. त्यामागची हकिकत संकलक रॉबर्ट पॅरिशने सांगितली आहे: चित्रपट काही केल्या आवरेना, तेव्हा रॉसनने त्याला प्रत्येक प्रसंगाचा मध्य धरून पुढचा-मागचा भाग सरसकट कापायला सांगितलं. म्हणून प्रसंग मध्येच सुरू होतात आणि मध्येच तुटतात. विलीची सत्ता वाढते तशी ही घाई त्याला शोभूनच दिसते. पण अशा कात्रीत सगळ्यात आधी जातं ते जॅकचं मन.

झेलियनने उलट्या टोकाने सुरुवात केली. त्याचा सिनेमा उघडतो तो रात्रीच्या गाडीत: विली, जॅक आणि बंदूक बाळगणारा शुगर बॉय जजच्या घरी निघालेले. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातला हा प्रवास आहे. पहिल्याच मिनिटाला कळतं की प्रश्न विली निवडून येतो का हा नाही. जॅक या गाडीत का बसला आहे, हा आहे. जजच्या भूमिकेत अँथनी हॉपकिन्स आहे आणि त्याचं नातं इथे पुन्हा मूळ जागी आलं आहे. ज्यूड लॉच्या जॅकला समीक्षकांनी थंड, निर्जीव म्हटलं. अहो, पण जॅक आहेच तसा! ॲनवर प्रेम असून ऐन वेळी मागे सरणारा, नंतर ती विलीची झाली हे कळल्यावरही जागच्या जागी उभा राहणारा. बघत राहणं हाच त्याचा गुन्हा आहे. तो तडफदार दाखवला असता तर वॉरन हातचा गेला असता.

विली झालेल्या शॉन पेनवरचा अतिअभिनयाचा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. सभांमध्ये त्याचे हात इतके उडतात की शब्दांकडचं लक्ष उडतं, आणि जेम्स हॉर्नरचं पार्श्वसंगीत आपल्याला क्षणाचीही उसंत देत नाही. पण सुरुवातीचा पेन आठवून बघा. दारूच्या गुत्त्यात संत्र्याचं पेय दोन स्ट्रॉंनी पिणारा, बायकोला दारू आवडत नाही म्हणून सांगणारा बावळट विली. त्याच्याबद्दल जॅकला कुतूहल का वाटलं, ते तिथे पटतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. झेलियनने काळ १९३०च्या दशकातून उचलून १९५०च्या आसपास नेला. महामंदी गेली, आणि तिच्याबरोबर विलीच्या श्रोत्यांची भूकही गेली. ते लोक एवढे का चवताळतात, हे मग नुसत्या भाषणांवर सोडावं लागतं. विलीच्या मुलाचं उपकथानकही जवळजवळ गायब आहे. रॉसनने ते ठेवलं होतं आणि बापाची निष्ठुरता त्यातूनच दिसली होती. शिवाय विली बिघडतो कधी, हे झेलियन नीट दाखवत नाही. एका प्रसंगात तो भाबडा, पुढच्यात पक्का. रॉसनकडे हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो.

चित्रीकरणाच्या जागांतही असाच फरक आहे. रॉसनने आपला सिनेमा कॅलिफोर्नियात, स्टॉक्टन आणि आसपासच्या गावांत केला आणि राज्याचं नावच घेतलं नाही. ही गोष्ट कुठेही घडू शकते असा त्याचा रोख. झेलियन थेट लुइझियानात गेला, आणि लाँगला जिथे गोळी लागली त्या कॅपिटॉलमध्येही त्याने चित्रीकरण केलं. पावेल एडेलमानच्या कॅमेऱ्याने टिपलेला तिथला ओलसर, मलूल उजेड जॅकच्या सुस्तीशी जुळतो.

एवढं असून सिनेमा पडला. डिसेंबर २००५मधलं प्रदर्शन पुढे ढकलून सप्टेंबर २००६वर नेलं, तेव्हाच ‘काहीतरी बिनसलंय’ अशी कुजबुज सुरू झाली. साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या या सिनेमाने जगभरात एक कोटीही गोळा केले नाहीत. समीक्षकांनी क्रॉफर्ड डोळ्यांसमोर ठेवून पेनला मोजलं, आणि जॅककडे बघायला फारसं कुणी उरलं नाही.

म्हणून दोन्ही बघणार असाल तर २००६चा आधी बघा. क्रॉफर्ड एकदा पाहिला की त्याच्यापुढे दुसरा विली टिकत नाही, आणि मग जॅकची गोष्ट नजरेतून निसटते. फक्त एकच बघायला वेळ असेल आणि कादंबरी वाचलेली नसेल, तर रॉसनचा बघा. वाचलेली असेल, तर मी झेलियनचाच लावीन, हॉर्नरचा आवाज थोडा कमी करून.