आगमनकाल

नाताळापूर्वीचा आध्यात्मिक तयारीचा काळ. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत उपासनावर्ष याच काळाने सुरू होते. संत अंद्रियाच्या सणाला (३० नोव्हेंबर) सर्वांत जवळचा रविवार हा त्याचा पहिला दिवस. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, त्यामुळे आगमनकाल कधी २२, तर कधी २८ दिवसांचा असतो. रविवार मात्र चारच. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी तो संपतो.

मूळ लॅटिन संज्ञा ‘आदव्हेंतुस’, म्हणजे आगमन. रोमन व्यवहारात सम्राटाचा नगरात होणारा समारंभपूर्वक प्रवेश या शब्दाने दर्शवीत. लॅटिन ख्रिस्ती लेखकांनी तो ग्रीक ‘पारूसिया’ या शब्दासाठी योजला, आणि नव्या करारात ‘पारूसिया’ हा शब्द प्रामुख्याने ख्रिस्ताच्या द्वितीयागमनासाठी येतो. या काळाकडे केवळ जन्मोत्सवाची पूर्वतयारी म्हणून पाहण्याची सवय आहे. पण पहिल्या रविवारचे शुभवर्तमान गव्हाणीचे नसते, ते युगान्ताचे आणि जागे राहण्याचे असते. शब्दाचा इतिहास ध्यानात घेतला की ही निवड विसंगत वाटत नाही.

उगम : २५ डिसेंबर हा जन्मोत्सवाचा दिवस म्हणून रोममध्ये ३३६ च्या सुमारास पाळला जात असल्याचा आधार ३५४ च्या एका रोमन पंचांगात मिळतो. नाताळाची तयारी या अर्थाने आगमनकाल त्याहून जुना असणे संभवत नाही. सर्वांत जुना पुरावा म्हणून बहुधा सारागोसा (स्पेन) येथील ३८० च्या धर्मपरिषदेचा चौथा नियम दाखविला जातो. १७ डिसेंबरपासून प्रभुप्रकटनाच्या सणापर्यंत (६ जानेवारी) सलग २१ दिवस कोणीही चर्चमधून गैरहजर राहू नये, घरात दडून बसू नये, डोंगरात निघून जाऊ नये, अनवाणी फिरू नये, असे तो बजावतो. मात्र त्यात नाताळाचा उल्लेख नाही, ‘आगमन’ हा शब्दही नाही. प्रिसिलियन या स्पेनमधील कठोर वैराग्य शिकविणाऱ्या धर्मोपदेशकाच्या अनुयायांचे एकांतवासी आचार रोखणे हा परिषदेचा उद्देश होता, हेही विसरता येत नाही. काही अभ्यासक या २१ दिवसांत प्रभुप्रकटनाच्या सणाला होणाऱ्या बाप्तिस्म्याची पूर्वतयारी पाहतात. इतरांच्या मते ही आगमनकालाची पहिली खूण आहे. नियमाच्या शब्दांना पहिले मत अधिक जुळते. तथापि, बाप्तिस्म्याचा निर्देशही त्यात नसल्याने तेही अनुमानच ठरते.

गॉलमधील (आजचा फ्रान्स व लगतचा प्रदेश) पुरावा अधिक भक्कम आहे. तूरचा बिशप पर्पेच्युअस (मृत्यू सु. ४९०) याने संत मार्टिनच्या सणापासून (११ नोव्हेंबर) नाताळापर्यंत आठवड्यातून तीन उपवास घालून दिले, असे तूरच्याच ग्रेगरीने सहाव्या शतकात नोंदविले आहे. मॅकाँ येथील धर्मपरिषदेने (५८१ ते ५८३ च्या दरम्यान) या काळातील सोमवार, बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे ठरविले व उपासनाही पुनरुत्थानापूर्वीच्या उपवासकाळाप्रमाणे करण्यास सांगितले. ‘संत मार्टिनचा चाळीस दिवसांचा उपवास’ हे नाव यातूनच आले.

रोमचे चित्र वेगळे दिसते. पहिला लिओ (पोप ४४०–४६१) याची डिसेंबरातील उपवासावर प्रवचने आहेत, पण तो उपवास ऋतूंनुसार येणाऱ्या उपवासांपैकी होता. आगमनकालाचा त्यात मागमूस नाही. रोमन आगमनकाल सहाव्या शतकात आकाराला आला असावा. गेलासियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनासंग्रहात पाच रविवारांच्या प्रार्थना आहेत, तर ग्रेगोरियन संग्रहात चार. ही चार संख्या पहिल्या ग्रेगरीने (पोप ५९०–६०४) ठरविली असे परंपरा मानते. आगमनकालातील त्याची प्रवचने उपलब्ध आहेत, परंतु संख्येचे श्रेय निश्चित नाही. मिलानच्या अम्ब्रोजियन विधीत आजही सहा रविवार आहेत.

गॉलचा भर प्रायश्चित्तावर, तर रोमचा जन्मोत्सवाच्या प्रतीक्षेवर होता. कॅरोलिंगियन काळात (आठवे–नववे शतक) हे दोन प्रवाह मिसळले. म्हणूनच या काळात वस्त्रे जांभळी असतात, ‘ग्लोरिया’ हे स्तोत्र गाळले जाते, पण ‘आलेलुया’ हा आनंदाचा स्तुतिघोष मात्र राहतो. पुनरुत्थानापूर्वीच्या उपवासकाळात तोही थांबतो. एवढ्या एका फरकातून या काळाचा स्वभाव जितका कळतो, तितका लांबलचक विवेचनातून कळत नाही.

साधना : या काळातील तयारीचे सर्वांत सखोल विवेचन क्लेरव्होच्या बर्नार्डने बाराव्या शतकात केले. त्याच्या मते आगमने तीन आहेत : पहिले देहधारी व दुबळेपणातले, शेवटचे वैभवातले, आणि या दोहोंमधले अदृश्य. हे मधले आगमन भाविकाच्या अंतःकरणात होते आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नेणारी वाट तेच आहे. भूतकाळाचे स्मरण आणि भविष्याची प्रतीक्षा यांना जोडणारा दुवा बर्नार्डने दाखवून दिला, ही मोठी देणगी होय. तो नसेल तर आगमनकालाचे केवळ दिवस मोजणे उरते.

उपासनेतील वाचने हाच क्रम धरतात. पहिला रविवार युगान्ताचा. दुसरा व तिसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. चौथ्याला जन्मापूर्वीचे प्रसंग व येशूची माता होण्यास मारियेने दिलेली संमती. जुन्या करारातून यशया या संदेष्ट्याची वाचने विशेष येतात. अरण्यात प्रभूसाठी वाट सिद्ध करण्याची त्याची हाक चारही शुभवर्तमानांनी योहानाला लावली आहे. योहान ज्याची घोषणा करतो तो पश्चात्ताप पापनिवेदन, दानधर्म आणि मौन यांत उतरतो. तिसऱ्या रविवारी ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ (फिलिप्पैकरांस ४ : ४) या वचनाने उपासना सुरू होते व गुलाबी वस्त्रे वापरण्यास मुभा असते. १९६९ च्या रोमन नियमावलीनुसार १७ ते २४ डिसेंबर हे दिवस नाताळाच्या थेट तयारीचे आहेत.

१७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत मारियेच्या स्तुतिगीताबरोबर सात संबोधनपदे गायिली जातात. त्यांत ख्रिस्ताला अनुक्रमे प्रज्ञा, अदोनाय (प्रभू), इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदयप्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि इम्मानुएल असे हाकारले जाते आणि प्रत्येक पदाच्या शेवटी ‘ये’ ही विनवणी असते. नवव्या शतकात मेट्सच्या अमालारियसने त्यांची चर्चा केली आहे. रोमन तत्त्वज्ञ बोएथियस याच्या एका वाक्यावरून ती सहाव्या शतकाइतकी जुनी ठरविण्याचा प्रयत्न झाला, पण तो आधार क्षीण आहे. या सात लॅटिन नामांची आद्याक्षरे शेवटाकडून वाचल्यास ‘एरो क्रास’ (उद्या मी असेन) असे वाक्य होते. ही रचना हेतुपुरस्सर होती की नंतर कोणाच्या ध्यानात आली, यावर मतभेद आहेत. दुसरा पर्याय अधिक संयत वाटतो.

आगमनचक्र ही प्रथा अर्वाचीन आहे. हॅम्बुर्गमधील अनाथ व गरीब मुलांच्या आश्रमात योहान हिनरिख विखर्न या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये एका लाकडी चाकावर रविवारांसाठी मोठ्या व इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. चार मेणबत्त्यांचे आजचे हिरवे चक्र हे त्याचे संक्षिप्त रूप.

पौर्वात्य परंपरा : बायझंटाइन ख्रिस्ती १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर असा चाळीस दिवसांचा उपवास पाळतात. पूर्व सिरियन परंपरेत या काळाला ‘सुबारा’ (घोषणा) म्हणतात. जखऱ्या (योहानाचा पिता) व मारिया यांना मिळालेली सुवार्ता हा त्याचा विषय, आणि तेथेही उपासनावर्षाचा आरंभ याच काळाने होतो.