आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत कुणालाही फोन लावा, पहिला प्रश्न हाच, म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, पोरासोरांना पण पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं.

आता पूर का येतो ते विचारा. एक म्हणतो खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण, दुसरा म्हणतो नाले बुजवले, तिसरा म्हणतो नदीकाठी प्लॉट पाडले, चौथा म्हणतो पाऊसच तेवढा पडला त्याला कोण काय करणार. गंमत म्हणजे ज्यानं जे कारण धरलं त्याचा उपाय त्यातच येतो, अलमट्टी म्हटलं की कर्नाटकाशी बोलणी, नाले म्हटलं की जेसीबी.

१९७३ ला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोघांनी, डिझाइनवाला होर्स्ट रिटेल आणि प्लॅनिंगवाला मेल्विन वेबर, हेच मांडलेलं. असल्या प्रश्नांना त्यांनी 'विकेड' म्हटलं, मी आपलं नाठाळ म्हणतो (तुकोबांची काठी इथं चालत नाही एवढंच). बुद्धिबळात मात झाली की डाव संपला. शहराच्या प्रश्नात थांबायचं कुठं तेच ठरलेलं नसतं, उत्तर बरोबर-चूक नसतं, बरं किंवा वाईट असतं, आणि रस्ता चार फूट उचलून बघू, नाही जमलं तर परत खाली घेऊ असंही होत नाही, तोवर पाणी शेजारच्या गल्लीत शिरलेलं असतं.

मग नकाशावर निळी रेषा येते, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत. तसं नाही ओ, दरवर्षी ४ टक्के शक्यता. २० वर्षांच्या होम लोनचा हिशोब लावला तर तेवढ्यात एकदा तरी पाणी त्या रेषेपर्यंत यायची शक्यता ५६ टक्के! रेषा आखणं हे गणित, पण २५ ची धरायची की १०० ची, आणि रेषेच्या आत आधीच घर बांधलेल्यांचं काय, हे गणितात बसत नाही, तिथं कुणीतरी ठरवावंच लागतं.

हर्बर्ट सायमन, १९७८ चा अर्थशास्त्राचा नोबेलवाला, म्हणायचा की माणूस सगळ्यात उत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा सापडला की घेतो. गावभागातल्या आमच्या मावशीनं सायमन वाचलेला नाही. २०१९ नंतर तिनं खालचे सगळे स्विचबोर्ड डोक्याच्या उंचीवर घेतले, फ्रिज माडीवर चढवला, घर काही सोडलं नाही. २०२१ ला पाणी परत आलं. बोर्डाच्या खाली एक वीत थांबलं, तिथं तिनं पेन्सिलनं रेघ मारून ठेवलीय.