बांधाचं वय कोळशाला विचारावं की वाळूला?

जुनी दगडी मूर्ती सापडली की 'कार्बन डेटिंग करा' अशी मागणी आपल्याकडे लगेच सुरू होते. पण कार्बन-१४ सांगतो तो सजीवाच्या मृत्यूचा काळ. दगड कधीच जिवंत नव्हता, त्यामुळे मूर्ती कधी घडवली हे त्यातून कळणार नाही. मातीच्या बांधाचंही तसंच.

इंग्लंड-वेल्स सीमाभागातला 'वॉट्स डाइक' घ्या. डी नदीच्या मुखाजवळच्या बेसिंगवर्कपासून दक्षिणेला मेसबरीपर्यंत सुमारे ६४ किलोमीटरचा हा मातीचा बांध, त्याच्या पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या बाजूला, खंदक. रेक्सॅमजवळ एर्डिगच्या झाडीत त्याचा एक तुकडा अजून छान टिकून आहे. शेजारचा 'ऑफाज डाइक' मर्सियाचा (मध्य इंग्लंडमधलं जुनं राज्य) राजा ऑफा (कारकीर्द ७५७–७९६) याचा, असं असर या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. वॉट्स डाइकच्या वाट्याला असा लेखक आला नाही.

१९९०च्या दशकात ऑसवेस्ट्रीत बांधाखाली चुलीचे अवशेष मिळाले. कोळसा पाचव्या शतकाच्या आसपासचा निघाला आणि बांधालाही तोच काळ चिकटवला गेला. पण चूल होती बांधाच्या खाली! बांध तिच्यानंतरचा, एवढंच त्यातून ठरतं. दहा वर्षांनंतरचा की चारशे, हे कोळसा सांगत नाही.

वाळू मात्र सांगते. १९८५ साली हंटली आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही 'ऑप्टिकल डेटिंग' (प्रकाशाच्या मदतीने वय काढण्याची) पद्धत मला विलक्षण सुंदर वाटते. मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमच्या किरणोत्सारामुळे क्वार्ट्झच्या कणातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकरचनेतल्या दोषांमध्ये अडकून पडतात. कण जितका काळ अंधारात गाडलेला, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन जास्त. ऊन लागलं की ते मोकळे होतात आणि हिशेब शून्यावर येतो. म्हणून नमुना घ्यायचा तो उजेड न लागू देता, पोलादी नळी थरात ठोकून. प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात कण वेगळे करतात आणि त्यांच्यावर निळा प्रकाश सोडतात. सुटलेले इलेक्ट्रॉन परतताना अतिनील प्रकाश देतात, त्यावरून साठलेली मात्रा कळते. समजा ती ३ ग्रे (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) भरली आणि त्या मातीत हजार वर्षांत २.५ ग्रे साठतात, तर वय १,२०० वर्षं. भागाकार सोपा, पण मातीतला ओलावा किरणोत्सार शोषतो, त्याची वजावट करावी लागते. शिवाय गाडलं जाण्याआधी कणाला पुरेसं ऊन मिळालं नसेल, तर वय फुगतं.

२००६च्या सुमारास वॉट्स डाइकच्या गोबोवेन इथल्या उत्खननात हीच पद्धत वापरली. उत्तर आलं: नववं शतक, सुरुवातीचा काळ. म्हणजे ऑफाच्याही नंतरचा. मर्सियाचा राजा कोएनवुल्फ (कारकीर्द ७९६–८२१) त्यामुळे चर्चेत आला.

म्हणूनच २०१३ साली चर्कजवळ ऑफाज डाइकचा सुमारे ४५ मीटरचा तुकडा यंत्राने सपाट झाला, तेव्हा गेली ती फक्त उंची नाही. उलथलेल्या मातीला ऊन लागलं, थर मिसळले. तिथल्या वाळूने बाराशे वर्षं जपलेला हिशेब आता कुठलीही प्रयोगशाळा वाचू शकणार नाही.