मोडीत निघण्यापूर्वी : कालबाह्य यंत्रे पाहण्याच्या ठिकाणांची पार्श्वभूमी

कालबाह्य तंत्रज्ञान जपणाऱ्या ठिकाणांचा मागोवा घेऊ लागले की एक अनपेक्षित गोष्ट समोर येते, ती म्हणजे या परंपरेची सुरुवात जुन्याच्या ओढीतून झालेली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी असलेल्या आंरी ग्रेग्वार यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये यंत्रे व अवजारे यांचा राष्ट्रीय संग्रह स्थापन झाला, तेव्हा कारागिरांना नवी यंत्रे प्रत्यक्ष दाखवावीत आणि ती कशी चालतात हे समजावून द्यावे, असा त्यामागचा हेतू होता. पुढे हा संग्रह एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या वास्तूत गेला आणि नवी म्हणून आणलेली यंत्रे तिथेच हळूहळू जुनी झाली. फ्रेंच लष्करी अभियंते क्युन्यो यांनी १७७० च्या सुमारास बांधलेली वाफेवर चालणारी अवजड तीनचाकी गाडी आजही तिथे उभी आहे.

अँटवर्पमधील प्लांतँ-मोरेटस छापखान्याची कथा वेगळी आहे. क्रिस्तोफ प्लांतँ यांनी १५५५ साली सुरू केलेला हा व्यवसाय त्यांच्या वारसांनी सुमारे तीनशे वर्षे चालवला. १८७६ साली शहराने ही वास्तू आतल्या सामग्रीसह विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती लोकांसाठी खुली केली. जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे तिथे आहेत. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांच्याभोवतालची अखंड व्यवस्था, कारण छपाईच्या अक्षरांचे खिळे पाडण्याचे साचे, खिळ्यांनी भरलेले खण, मुद्रिते तपासण्याची खोली आणि छापण्याची खोली हे सारे एकाच छपराखाली असल्यामुळे अक्षराचा धातूपासून कागदापर्यंतचा प्रवास तिथे पावलापावलाने चालून पाहता येतो.

असे भाग्य फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला आले. लोखंड आणि तांबे यांना भंगारातही भाव असतो, त्यामुळे निकामी ठरलेले यंत्र मोडीत काढणे हाच सर्वत्र रिवाज होता. तो मोडला सामान्य हौशी माणसांनी. वेल्समधील टॅलीलिन हा पाटीच्या दगडाच्या वाहतुकीसाठी १८६५ च्या सुमारास बांधलेला अरुंद लोहमार्ग. त्याची खाण १९४६ साली बंद पडली आणि १९५० मध्ये मालकाचे निधन झाल्यावर मार्गही बंद होणार हे उघड होते. तेव्हा लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था स्थापून मार्ग ताब्यात घेतला आणि १४ मे १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर गाड्या धावू लागल्या. स्वयंसेवकांनी चालवलेला जगातील हा पहिला जतन केलेला लोहमार्ग मानला जातो. रूळ बदलणे, बाष्पक तपासणे, भट्टी पेटवणे ही कामे येणारी माणसे नसतील तर इंजिन नुसते उभे राहते, हे त्या प्रयोगाने पहिल्यांदा ठळकपणे दाखवून दिले.

अभ्यासकांचे लक्ष वळायला आणखी काही वर्षे लागली. ब्रिटिश अभ्यासक मायकेल रिक्स यांनी १९५५ साली ‘औद्योगिक पुरातत्त्व’, म्हणजे जुन्या उद्योगांच्या अवशेषांचा अभ्यास, या संज्ञेचा पुरस्कार केला. १९६१-६२ मध्ये लंडनमधील यूस्टन स्थानकाची भव्य कमान विरोधाला न जुमानता पाडली गेली, आणि त्या घटनेचा सल पुढच्या अनेक मोहिमांना बळ देऊन गेला. १९८६ साली बंद झालेला जर्मनीतील फोल्कलिंगेनचा लोखंडाचा कारखाना अवघ्या आठ वर्षांत, म्हणजे १९९४ मध्ये, जागतिक वारशाच्या यादीत गेला, यावरून दृष्टी किती बदलली होती ते कळते.

स्वीडनमधील ग्रिमेटॉन येथील रेडिओ केंद्र हे या साऱ्या ठिकाणांत माझ्या दृष्टीने सर्वांत विलक्षण आहे. अटलांटिकपार तारायंत्राचे संदेश पाठवण्यासाठी बांधलेल्या या केंद्राचे उद्घाटन १९२५ साली झाले. त्यातील प्रक्षेपकात एकही इलेक्ट्रॉनिक नलिका नाही. अर्न्स्ट अलेक्झांडरसन यांनी रचलेले ते एक फिरते जनित्र आहे. पोलादी चकतीच्या कडेला ४८८ खाचा, चकतीचा वेग मिनिटाला सुमारे २,११५ फेरे, आणि या दोहोंच्या गुणाकारातून सेकंदाला साधारण १७,२०० आंदोलने निर्माण होतात. म्हणजे रेडिओलहर इथे अक्षरशः चाक फिरवून तयार केली जाते, आणि ती हवेत सोडणारी तार १२७ मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवर ताणलेली आहे. अशी केंद्रे इतरत्रही होती, पण नलिकांचे लघुलहरी प्रक्षेपक आल्यावर ती नामशेष झाली. ग्रिमेटॉन वाचले ते दीर्घलहरी पाण्याखाली पोहोचतात म्हणून. पाणबुड्यांशी संपर्क साधण्यासाठी स्वीडिश नौदलाला ते उपयोगी पडत राहिले. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी जुने जाणकार आणि स्वयंसेवक ते यंत्र सुरू करतात, ‘एसएक्यू’ ही केंद्राची ओळखखूण मोर्स लिपीत हवेत जाते आणि दूरदूरचे हौशी श्रोते ती टिपण्यासाठी कान लावून बसतात.

संगणकांच्या बाबतीत काळ फारच आखूड झाला. ब्रिटनमधील हारवेल येथे १९५१ मध्ये सुरू झालेला डेकाट्रॉन संगणक १९७३ पर्यंत वापरात राहिला, नंतर प्रदर्शनात गेला आणि शेवटी सुट्या भागांच्या रूपात गोदामात पडून राहिला. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयाच्या स्वयंसेवकांनी तो जोडून २०१२ साली पुन्हा चालू केला. अडीच टन वजनाच्या या यंत्राला दोन संख्यांचा गुणाकार करायला पाच ते दहा सेकंद लागतात, आणि नेमका हा संथपणाच त्याचे मोल वाढवतो. अंक साठवणाऱ्या प्रत्येक काचनळीत, म्हणजे डेकाट्रॉनमध्ये, एक नारिंगी ठिपका वर्तुळात एकेक घर पुढे सरकतो, नऊनंतर शून्यावर येतो आणि शेजारच्या नळीतील ठिपका एका घराने हलतो. समोर उभ्या असलेल्या मुलाला हातचा एक कसा घेतला जातो ते बोट ठेवून दाखवता येते.