मैला खाणारं पाणी: कोलकात्याच्या भेऱ्या

सांडपाण्यावर वाढलेला मासा म्हटलं की लोक नाक मुरडतात, आणि पाणथळ जागा म्हणजे नुसती डासांची पैदास, बुजवून टाका, हेही ठरलेलंच. कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरवर काय चालतं ते बघा मग. शहराचा उतार पश्चिमेच्या हुगळी नदीकडे नाही, पूर्वेकडे आहे, म्हणून सांडपाणी तिकडे जातं. विद्याधरी नदी गाळाने भरून मेली आणि १९३० च्या सुमारास तिथल्या लोकांनी हे सांडपाणी उथळ तळ्यांत घेऊन मासे वाढवायला सुरुवात केली. या तळ्यांना भेरी म्हणतात.

सगळी करामत उथळपणात आहे. पाणी जेमतेम कमरेइतकं, त्यामुळे ऊन चांगलं आत शिरतं. बॅक्टेरिया मैला खातात, त्याला ऑक्सिजन लागतो, बाहेर पडतो कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, फॉस्फेट, आणि नेमकं हेच सूक्ष्म शेवाळाला हवं असतं, ते उन्हात ऑक्सिजन परत देतं. दुपारी तर शेवाळ कार्बन डायऑक्साइड इतक्या झपाट्याने ओढतं की पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेटही वापरलं जातं आणि पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली याचं माप, ९ च्या वर जातो, पाणी चांगलंच अल्कली होतं, मग हा पीएच, अतिनील किरण आणि भरपूर ऑक्सिजन असं तिन्ही एकदम मैल्यातून आलेल्या आतड्यातल्या जंतूंना झेपत नाही, ते मरतात. पण पीएच चढला की अमोनियम, म्हणजे पाण्यातल्या अमोनियाचं सौम्य रूप, त्याचा खरा अमोनिया होतो, तो माशांना विषारी, शिवाय रात्री शेवाळही श्वास घेतं म्हणून पहाटे ऑक्सिजन पार खाली येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. म्हणून सांडपाणी कधी, किती सोडायचं हे तिथले जाणते लोक पाण्याचा रंग आणि वास बघून ठरवतात. रोहू-कटला हे मासे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातात, शेवाळ माजत नाही.

तलावात बॅक्टेरियाचे गोळे टाका, पाणी स्वच्छ होईल, या जाहिरातींवर माझा म्हणूनच विश्वास नाही. मैल्यात बॅक्टेरिया मुळातच भरपूर असतात, कमी पडतो तो ऑक्सिजन.

हे जगासमोर आणलं ध्रुवज्योती घोष या सरकारी इंजिनिअरने. २००२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, २००६ मध्ये खास कायदा झाला, तरी भराव थांबलेला नाही. सॉल्ट लेक वसाहत तर १९६० च्या दशकात अशीच पाणथळ बुजवून उभी राहिली. आता जवळच बानतलाला चामड्याचे कारखाने आहेत, कातडी कमवायला क्रोमियम लागतं आणि ते मूलद्रव्य असल्याने कुठलाच बॅक्टेरिया ते पचवून संपवू शकत नाही, ते गाळात साठतं. दुसरीकडे कालवे गाळाने भरतायत, भेरीला सांडपाणीच पुरेसं पोचत नाही, मासा घटतो, धंदा तोट्यात जातो, आणि तोट्यातली भेरी बिल्डरच्या हातात जायला वेळ लागत नाही.